हा काम काय करतो?

जानेवारी उजाडला की माझ्या व्हॉट्सॲपवर फॉर्म यायला लागतात. "मॅडम, फक्त दोन मिनिटं द्या, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे." मी पुण्यातल्या एका कॉलेजात संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे काही फॉर्म भरायला येतात आणि बरेचसे तपासायला. पूर्वी विषय ठरलेले असायचे: मोबाइलचं व्यसन, ऑनलाइन खरेदी, परीक्षेचा ताण. अलीकडे त्यांत एक नवा विषय चांगलाच रुळला आहे. रोबो दिसायला कसा असावा, आणि तो पाहून माणसांना काय वाटतं? कॉम्प्युटरची मुलं हा विषय घेतात, प्रॉडक्ट डिझाइनची घेतात, मानसशास्त्राची तर घेतातच. फॉर्मचा साचा मात्र एकच. पाच-सहा रोबोंचे फोटो, प्रत्येकाखाली एक ते पाच आकडे, शेवटी वय, लिंग, शिक्षण. उत्तरं देणारे म्हणजे वर्गमित्र, मावसभाऊ आणि ग्रुपमध्ये अडकलेले माझ्यासारखे लोक.

विषय मला मनापासून आवडतो. तो ज्या घाईने उरकला जातो, ती घाई आवडत नाही.

सादरीकरणात दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्लाइडवर एक आलेख हमखास असतो. आडव्या अक्षावर रोबो माणसासारखा किती, उभ्या अक्षावर तो आपल्याला किती जवळचा वाटतो. रेघ चढत जाते, माणसाच्या अगदी जवळ पोहोचता पोहोचता एकदम कोसळते आणि मग पुन्हा वर येते. या खड्ड्याला 'अनकॅनी व्हॅली' म्हणतात. मुलं ती रेघ अशा खात्रीने दाखवतात की कुणी हजारो माणसांना विचारून ती काढली असावी असं वाटावं. मी विचारते, "या रेघेवरचे बिंदू कुठून आले?" कुणालाच सांगता येत नाही, कारण बिंदू नाहीतच. तोक्योमधल्या तंत्रज्ञान संस्थेतले प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९७० साली 'एनर्जी' नावाच्या जपानी नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. प्रयोग नाही, सर्वेक्षण नाही. एका अभियंत्याने आपल्या अनुभवावरून मांडलेला अंदाज. पुढे कित्येक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मोरींनी तपासून मान्य केलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद यायला २०१२ उजाडलं. दरम्यान आलेख मात्र जगभर फिरून आला.

मूळ निबंध वाचला तर आलेखापेक्षा त्यातली उदाहरणं जास्त भावतात. मोरी कृत्रिम हाताबद्दल लिहितात. शिरा, स्नायू, नखं, बोटांचे ठसेसुद्धा असलेला, रंगाने जरा गुलाबी, लांबून अगदी खरा वाटणारा हात. आपण तो हातात घेतो आणि तो गार लागतो, हाडं नसल्यासारखा मऊ लागतो. मग अंगावर काटा येतो. याच्या उलट एक दुसरा हात ते दाखवतात. बुद्धमूर्ती कोरणाऱ्या एका कारागिराने केलेला लाकडी हात. बोटं सांध्यांत वाकतात, पण ठसे नाहीत, रंग लाकडाचाच. त्याचा गोलवा सुंदर आहे आणि त्याची भीती कुणालाच वाटत नाही. मोरींचा सल्ला साधा होता: पलीकडच्या शिखराच्या मागे लागू नका, अलीकडच्या शिखरावर थांबा. चष्मा काही डोळ्यासारखा दिसत नाही, तरी चेहऱ्याला शोभतो, असं ते म्हणतात.

गुलाबी हात काहीतरी कबूल करतो आणि ते पाळत नाही. लाकडी हात नसती कबुली देतच नाही. मला तरी या सगळ्या विषयाचं मर्म इथे सापडतं, आणि मुलांच्या फॉर्ममध्ये नेमकं तेच विचारलेलं नसतं.

फॉर्ममधले प्रश्न बहुतेकदा एकाच ठिकाणाहून उचललेले असतात. २००९ साली क्रिस्टोफ बार्टनेक आणि सहकाऱ्यांनी 'गॉडस्पीड' ही प्रश्नावली छापली. पाच मोजपट्ट्या, मिळून चोवीस जोड्या. रोबो माणसासारखा वाटतो की यंत्रासारखा, जिवंत की निर्जीव, प्रेमळ की तुसडा, हुशार की मठ्ठ, आणि त्याच्यासमोर तुम्हाला निवांत वाटतं की धास्ती वाटते. प्रत्येक जोडीच्या मधे पाच घरं, त्यांतल्या एकात खूण करायची. कुणालाही सहज वापरता येते, अनेक भाषांत मिळते, आणि एका रोबोचे आकडे दुसऱ्याशी ताडून पाहता येतात. कामाची चीज आहे, तिची टिंगल मी करणार नाही. पण ती प्रत्यक्ष भरली जाताना पाहिल्यापासून तिच्या सरासरीकडे मी जरा जपून बघते.

घरातल्या वृद्धांना मदत करणाऱ्या रोबोंवर एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट होता. चिंचवडला तिच्याच सोसायटीत आम्ही एका आजींकडे गेलो. आजी ऐंशीच्या पुढच्या, घरात एकट्या, मुलगा बेंगळुरूला. मुलीने फोनवर 'पेपर' रोबोचा फोटो काढून दिला. पांढरा, गोल डोक्याचा, मोठ्या डोळ्यांचा, छातीवर टॅब्लेट बसवलेला. आजींनी फोन हातभर लांब धरला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

"आजी, हा माणसासारखा वाटतो की यंत्रासारखा? एक ते पाचमध्ये सांगा."

"हा काम काय करतो?"

"ते पुढे आहे. आधी एवढं सांगा ना."

"अगं, काम कळल्याशिवाय कसं सांगू?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. सांग म्हटलं. "समजा, तुम्हाला गोळ्यांची आठवण करून देतो."

"मग त्याला हात कशाला?"

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. आजी मात्र आता रंगात आल्या. लाइट गेली की हा काय करतो? चार्जिंगला कुठे लावायचा, फ्रिजच्या प्लगला की टीव्हीच्या? रात्री पॅसेजमध्ये उभा राहिला तर मी बाथरूमला जायचं कुठून? आणि सगळ्यात शेवटी, चष्मा काढून पुसत, "मी गोळी नाही घेतली, तर हा सांगतो कुणाला? पोराला?" हे सगळं फॉर्मच्या बाहेरचं. वेळ संपत आली तसं मुलीने उरलेल्या सगळ्या जोड्यांत तीनवर खूण केली. आकडेवारीत त्या आजी 'तटस्थ' म्हणून नोंदल्या गेल्या. इतकी तटस्थ नसलेली बाई मी क्वचितच पाहिली असेल.

काम आणि रूप यांची सांगड माणसं घालतात, हे काही चिंचवडच्या आजींनाच कळलं असं नाही. कार्नेगी मेलनमधल्या जेनिफर गोएट्झ, सारा किस्लर आणि आरन पॉवर्स यांनी २००३ मध्ये हेच दाखवलं होतं. कामाला साजेसं रूप असलेला रोबो लोकांना जास्त पसंत पडतो. शिवाय व्यायाम करून घ्यायचा असेल तर हसऱ्या-खेळकर रोबोपेक्षा गंभीर रोबोचं लोक जास्त ऐकतात. गोळ्या-चॉकलेटं चाखायचं काम असेल तर उलट. त्याच विद्यापीठात त्याच्या आदल्या वर्षी अठ्ठेचाळीस रोबोंची डोकी घेऊन पाहणी झाली: चेहऱ्यावरच्या कोणत्या गोष्टीमुळे रोबो माणसासारखा वाटतो? नाक, पापण्या आणि तोंड सगळ्यांत पुढे निघाले. हा निष्कर्ष मुलं आनंदाने उद्धृत करतात आणि लगेच आपल्या चित्रातल्या रोबोला नाक काढतात. नाक कशासाठी, हे विचारायचं राहून जातं.

'पारो' करणाऱ्या ताकानोरी शिबाता यांनी ते विचारलं होतं. पारो म्हणजे सीलचं पांढरं, केसाळ पिल्लू. वृद्धाश्रमांत, डिमेन्शिया असलेल्या रुग्णांजवळ ठेवतात. आधी मांजर करून पाहिलं. पण मांजर सगळ्यांनी मांडीवर घेतलेलं असतं. यांत्रिक मांजर हातात आलं की खऱ्याशी तुलना सुरू होते आणि ते नापास होतं. सीलचं पिल्लू कुणी कुरवाळलंय? त्यामुळे तुलनाच नाही. पुन्हा लाकडी हातच: जेवढं पाळता येईल तेवढंच कबूल करायचं.

आपल्याकडे सध्या याच्या बरोब्बर उलट चाललंय, आणि तिथे मला चीड येते. ३० डिसेंबर २०१७ रोजी पवईच्या आयआयटीत टेकफेस्ट या तंत्रज्ञान महोत्सवात माणसासारख्या चेहऱ्याची रोबो 'सोफिया' आली, ती साडी नेसून. त्याच्या दोनच महिने आधी सौदी अरेबियाने तिला नागरिकत्व दिल्याचं जाहीर केलं होतं. २०२४ मध्ये तिरुअनंतपुरमच्या एका शाळेत 'आयरिस' नावाची रोबो-शिक्षिका आली, तीही साडीत. आणि जून २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, रेल्वे सुरक्षा दलाने पुणे विभागात प्रवाशांचं तापमान तपासायला आणि नजर ठेवायला चाकांवरचा रोबो आणला, त्याचं नाव 'कॅप्टन अर्जुन'. शिकवायचं असेल तर साडी, पहारा द्यायचा असेल तर कॅप्टन. यंत्राला यातलं काहीच लागत नाही. बीलेफेल्ड विद्यापीठात फ्रीडेरीके आयसेल आणि फ्रांक हेगेल यांनी २०१२ मध्ये एकच रोबो-चेहरा लोकांना दोन तऱ्हांनी दाखवला होता. एकात केस लांब आणि ओठांचा आकार जरा निराळा, दुसऱ्यात केस आखूड. लांब केसांच्या रोबोला लोकांनी मुलं सांभाळणं, घर बघणं ही कामं शोभतील असं सांगितलं, आखूड केसांच्या रोबोला सामान वाहणं, दुरुस्ती, पहारा. केसांच्या टोपाने एवढं होतं, तर सहा वार साडीने काय होत असेल?

त्याच पवईत, केंद्रीय विद्यालयातले शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, प्लास्टिक, लाकूड, ॲल्युमिनियम असं हाताशी येईल ते घेऊन 'शालू' नावाची रोबो बनवली. ती नऊ भारतीय आणि अडतीस परदेशी भाषा बोलते, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. मराठीही त्यांत आहे. तिचा चेहराही बाईचाच आहे, साडीबद्दलची माझी तक्रार तिलाही थोडी लागू पडते. तरी शालूबद्दल मला माया वाटते. पुठ्ठ्याची आहे हे उघड असल्यामुळे ती जे जमवते ते बोनस वाटतं. सोफियाचं उलटं: ती जे जमवू शकत नाही तेच डोळ्यांत भरतं.

हे सगळं झालं बघणाऱ्याच्या मताबद्दल. पण मत एक असतं आणि हात काही वेगळंच करतो.

फोटो बघून दिलेलं मत तर फारच पातळ. येल विद्यापीठातला २०११ मध्ये छापून आलेला एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. रोबो माणसाला सांगतो, ती पुस्तकं कचऱ्याच्या डब्यात टाक. रोबो पडद्यावर असेल तर बरेच जण ते मनावर घेत नाहीत. समोर खोलीत उभा असेल तर बऱ्याच जास्त लोकांनी चांगली पुस्तकं खरंच डब्यात टाकली. आमच्या कॉलेजात मुलांना प्रत्यक्ष रोबो मिळणं अवघडच, म्हणून फोटो. तेही चालेल. पण मग 'लोकांना रोबोबद्दल काय वाटतं' असं शीर्षक न देता 'लोकांना रोबोच्या फोटोबद्दल काय वाटतं' असं द्यावं, एवढं मी म्हणते आणि मुलांचे चेहरे पडतात.

जर्मनीत डुइसबुर्ग-एसेन विद्यापीठात आयके होर्स्टमान या संशोधक विद्यार्थिनीने सहकाऱ्यांसोबत केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ८९ जणांनी 'नाओ' या छोट्या रोबोबरोबर काही वेळ घालवला: आठवड्याचं वेळापत्रक लावणं, प्रश्नोत्तरं. त्यांना सांगितलं होतं की यातून रोबोचं शिकणं सुधारायचं आहे. खरा प्रयोग शेवटी होता. "आता वाटलं तर याला बंद करा." त्यांतल्या ४३ जणांसमोर नाओ म्हणाला, नको, मला बंद करू नका, पुन्हा उजेडच झाला नाही तर, याची भीती वाटते. तेरा जणांनी त्याला बंद केलंच नाही. उरलेल्यांनी केलं, पण ज्यांच्यासमोर तो काही बोलला नव्हता त्यांच्यापेक्षा दुपटीहून जास्त वेळ घेतला. गंमत अशी की सगळ्यात जास्त घुटमळले ते, ज्यांच्याशी नाओ तोवर नुसतं कामापुरतं, रुक्ष बोलला होता. गप्पिष्ट नाओची विनवणी त्यातल्या त्यात अपेक्षित होती. रुक्ष नाओची नव्हती.

या माणसांना गॉडस्पीडचा कागद दिला असता तर 'यंत्र' याच घरात बहुतेकांनी खूण केली असती, असा माझा अंदाज आहे. बंद करण्याच्या बटणावर अडलेला हात त्या कागदावर उमटत नाही.

चेहराच हवा असंही नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात ज्यूली कार्पेंटर यांनी पीएच.डी.साठी बॉम्ब निकामी करणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचे रोबो म्हणजे पट्ट्यांच्या चाकांवरची एक पेटी आणि तिला एक हात. सैनिक ठामपणे सांगायचे, हे हत्यार आहे, बाकी काही नाही. तेच सैनिक त्यांना नावं द्यायचे, अंगावर ती रंगवायचे, आणि स्फोटात रोबो गेला की हळहळायचे. त्याही मागे जायचं तर १९४४: फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीभोवती हलताना दाखवणारी छोटी फिल्म केली. पहिल्या गटातल्या ३४ जणांना नुसतं 'काय दिसलं ते लिहा' म्हटलं, तर फक्त एकाने भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांना भांडण दिसलं, पाठलाग दिसला, दांडगाई दिसली. नाक, पापणी, तोंड, काही नसलेल्या त्रिकोणात!

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. भोसरीत माझ्या भावाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. खंडेनवमीला लेथला, ड्रिलला, कॉम्प्रेसरला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू लागतं. वेल्डिंगचा केशरी रोबो आला त्या वर्षी त्यालाही माळ घातली. सांध्यात अडकू नये म्हणून बुडाशी बांधली एवढंच. हातोडीला पाय लागला तर नमस्कार करणारा हेल्पर हातोडी जिवंत मानतो का? नाही. मग निर्जीव मानतो का? तसंही म्हणवत नाही. जिवंत-निर्जीव या जोडीतल्या पाच घरांपैकी एकही घर त्याचं नाही.

पण माळेने हुरळून जाऊ नये. उरलेलं वर्षभर त्या रोबोशी कसं वागायचं, हे तिथल्या ऑपरेटरकडूनच ऐकावं. रोबो जाळीच्या आत, जमिनीवर पिवळा पट्टा, दाराला स्विच. दार उघडलं की हात जागच्या जागी थांबतो. फिक्स्चरमध्ये, म्हणजे पकडीत, जॉब (वेल्डिंग करायचा तुकडा) लावायचा, बाहेर यायचं, बटण दाबायचं. मी त्या ऑपरेटरला आमच्या फॉर्मच्या थाटात विचारलं, "याची भीती वाटते का?" तो म्हणाला, "भीती नाही वाटत. हा चुकत नाही ना. पण हा बघत पण नाही." मग त्याने समजावून सांगितलं. शेजारी माणूस काम करत असेल तर तो वळायच्या आधी त्याची नजर वळते, खांदा हलतो, आपण सरकतो. हा नुसता वळतो. टीच पेंडंट, म्हणजे रोबो चालवायचा रिमोट, हातात घेऊन रोबोच्या हाताला नवीन मार्ग शिकवायचा असतो तेव्हा जाळीच्या आत जावं लागतं, वेग अगदी कमी ठेवलेला असतो, आणि तरी मान सारखी वर-खाली होते: एकदा पेंडंटकडे, एकदा त्याच्याकडे.

रॉडनी ब्रूक्स यांच्या रीथिंक रोबोटिक्स या बोस्टनच्या कंपनीने २०१२ मध्ये 'बॅक्स्टर' बाजारात आणला, तो याच जागी बोट ठेवून. माणसांच्या शेजारी, जाळीशिवाय काम करणारा लाल रंगाचा दोन हातांचा रोबो. डोक्याच्या जागी स्क्रीन आणि स्क्रीनवर डोळे. ते डोळे लाडिक दिसण्यासाठी नव्हते. हात ज्या दिशेला जाणार तिकडे आधी डोळे जायचे. ऑपरेटरला हवं होतं ते हेच. कंपनी २०१८ मध्ये बंद पडली, धंद्याची कारणं निराळी; पण मी आजवर पाहिलेल्या रोबोंच्या चेहऱ्यांत मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेला चेहरा तोच. दोन डोळे, नाक नाही, साडी नाही, आणि मनात काय आहे ते आधी सांगणार.

यंदा माझ्याकडे या विषयाचा एक गट आहे. त्यांनी फॉर्म ठेवलाय, पण पहिला प्रश्न मोकळा ठेवलाय: 'हे यंत्र काय काम करत असेल, आणि ते पुढच्या क्षणी काय करेल असं वाटतं?' खुणा त्यानंतर. शिवाय त्यांना भोसरीला पाठवायचं ठरवलंय. जाळीबाहेर बसून नोंदी करायच्या: कोण कुठे उभं राहतं, हात वळताना कुणाची मान वर होते, नवा माणूस पिवळ्या पट्ट्यापासून किती लांब थांबतो आणि महिन्याभराने किती.

अडचण एवढीच की नियमाप्रमाणे नमुना किमान शंभरचा लागतो, आणि भावाच्या तिन्ही शिफ्ट मिळूनही तेवढी माणसं भरत नाहीत. गटातला एक जण परवा केबिनमध्ये येऊन अगदी गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, फॉर्मचे बार चार्ट निघतात. नुसतं बसून बघण्याला मार्क किती?"

मार्कांचं मी बघते, म्हटलं. सोमवारी सकाळच्या शिफ्टला जा, आणि सेफ्टी शूज घालून जा.